धातूचा शेजार

गिझर उघडायचं कारण साधं होतं, पाणी नीट तापत नव्हतं. प्लंबर आला, त्याने टाकीतलं पाणी सोडून दिलं, खालचे नट काढले आणि आतून दोन वस्तू ओढून बाहेर काढल्या. एक क्षाराने पांढरीफटक झालेली कॉइल. दुसरी एक बारीक वाकडी सळई, तिच्यावर मध्येमध्ये राखाडी लचके उरलेले, चघळून टाकलेल्या उसाच्या चिपाडासारखे.

"ताई, ही कांडी संपली बघा. नवीन आणू का? पुष्कळ लोक म्हणतात राहू दे. नाही बसवली तरी गिझर काही आज बंद पडणार नाही."

मी लगेच बसवा म्हटलं. चार वर्षांपूर्वी हीच कांडी अंगठ्याएवढी जाड होती, मी स्वतः पाहिलेली. आमच्या सोसायटीत उन्हाळाभर बोअरचं आणि टँकरचं पाणी असतं, त्या जड पाण्याने ती खाऊन टाकली. शेजारी माझी भाची उभी होती. ती दहावीत आहे, आणि धातूंची क्रियाशीलता श्रेणी तिला पोटॅशियमपासून सोन्यापर्यंत तोंडपाठ आहे. तिने कांडी हातात घेऊन विचारलं, "आत्या, मॅग्नेशियम एवढं लवकर झिजतं हे माहीत असून ते पाण्यात कशाला घालतात?"

भोसरीतल्या एका कारखान्याच्या धातू-तपासणी विभागात मी पंचवीस वर्षं काढली. रोज ओतीव भागांचे तुकडे कापायचे, घासून आरशासारखे करायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, हे माझं काम. तरी तिच्या प्रश्नाचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही. कारण पुस्तकातली ती यादी एकेका धातूचा स्वभाव सांगते. व्यवहारात धातू एकटा क्वचितच असतो. त्याच्यात कोण मिसळलंय आणि त्याला कोण चिकटून आहे, यावर तो कसा वागेल हे ठरतं.

आधी स्वभावापुरतं बोलू. धातूचा अणू बाहेरच्या कक्षेतले इलेक्ट्रॉन देऊन टाकतो. कोणाला ते द्यायची भारी घाई, कोण सहजासहजी हात सोडत नाही. ही घाई म्हणजे क्रियाशीलता. सोडियमला इतकी घाई असते की त्याला हवेपासून लपवून रॉकेलमध्ये बुडवून ठेवावं लागतं. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमच्या सरांनी त्या बाटलीतून चिमट्याने एक ढेकूळ काढून सुरीने कापलं होतं. फ्रिजमधल्या लोण्यासारखं ते कापलं गेलं. कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकली आणि आमच्या डोळ्यांदेखत काळवंडली. मग वाटाण्याएवढा तुकडा पाण्यात टाकला. सोडियमची घनता 0.97, म्हणजे तो पाण्यावर तरंगतो. वितळतो 98 अंशांना, त्यामुळे अभिक्रियेच्या उष्णतेनेच त्याची गोळी झाली आणि ती सूं सूं आवाज करत परातभर पळत सुटली. पाण्यात अल्कली भेटली की गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फथॅलीनचे थेंब होते, ती गेली तिथे गुलाबी रेघ उमटत गेली. पाण्यातून हायड्रोजन बाहेर पडत होता आणि मागे कॉस्टिक सोडा राहत होता.

मोठा तुकडा टाकला तर स्फोट होतो. हायड्रोजन पेटतो म्हणून स्फोट, असंच आम्ही शिकलो. 2015 मध्ये प्रागमधल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं, तेव्हा दिसलं की हायड्रोजन पेटण्याआधीच, सेकंदाच्या हजाराव्या भागात, धातूच्या थेंबाला चहूबाजूंनी काटे फुटतात. इलेक्ट्रॉन एवढ्या घाईने पाण्यात निघून जातात की मागे उरलेले धनभारित अणू एकमेकांना ढकलून थेंबाच्या चिंधड्या करतात. इलेक्ट्रॉन देण्याची घाई म्हणजे काय, हे याहून स्पष्ट मी कुठे पाहिलेलं नाही.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. यादीतलं स्थान आणि प्रत्यक्षातला वेग या दोन निराळ्या बाबी आहेत. विद्युत विभव म्हणजे इलेक्ट्रॉन देण्याची ही ओढ व्होल्टमध्ये मोजलेली, जितकं जास्त उणे तितकी ओढ जास्त. त्या हिशेबात लिथियम सगळ्यांच्या वर, उणे 3.04 व्होल्ट. सोडियम उणे 2.71. तरी पाण्यात लिथियम सोडियमपेक्षा शांतपणे फसफसतं. ते 180 अंशांना वितळतं, त्यामुळे पाण्यावर घनच राहतं आणि नवा पृष्ठभाग चटकन उघडा पडत नाही.

याच घाईमुळे वरच्या धातूंना माणसाच्या हाती लागायला फार वेळ लागला. तांबं आणि लोखंड कोळशाच्या भट्टीत खनिजातून सुटतात, कारण कोळसा त्यांच्याकडचा ऑक्सिजन ओढून घेऊ शकतो. सोडियम, पोटॅशियम, अ‍ॅल्युमिनियम यांनी ऑक्सिजन असा घट्ट धरलेला असतो की कोळशाचं तिथे काही चालत नाही. हम्फ्री डेव्हीने 1807 मध्ये वितळलेल्या क्षारांतून वीज सोडली तेव्हा कुठे पोटॅशियम आणि सोडियम मोकळे झाले. अ‍ॅल्युमिनियम तर पृथ्वीच्या कवचात सगळ्यात मुबलक असलेला धातू, पण तो स्वस्तात काढायची विद्युत पद्धत 1886 मध्ये सापडली, तीही अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू या दोन तरुणांना, एकमेकांची खबर नसताना. आजही एक किलो अ‍ॅल्युमिनियमला सुमारे 14 युनिट वीज लागते, लहान कुटुंबाला दोन-तीन दिवस पुरेल एवढी. जुनं भांडं वितळवून पुन्हा वापरायला त्याच्या विसाव्या हिश्श्याइतकीच ऊर्जा पुरते. भंगारवाला पोचे पडलेल्या कुकरलाही चांगला भाव देतो तो यामुळे.

अ‍ॅल्युमिनियम श्रेणीत मॅग्नेशियमच्या लगेच खाली आणि लोखंडाच्या बऱ्याच वर आहे. मग आपला कुकर पाण्यात विरघळत कसा नाही? इथे सायीचा विषय येतो.

दुधावर साय धरते तशी अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडची साय धरते, तीही क्षणार्धात. जाडी चार नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे केसाच्या जाडीचा जवळजवळ वीस हजारावा भाग. पण ही साय सलग असते, धातूला घट्ट चिकटते आणि ओरखडा पडला की पुन्हा धरते. लोखंडावर धरतो तो पापुद्रा. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, फुगतो, सुटतो आणि खालचं लोखंड पुन्हा उघडं करतो. सोडियमची गत उलटी. त्याचा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा कमी जागा व्यापतो, म्हणजे पांघरूणच आखूड, अंग झाकलंच जात नाही. तापवलेल्या मॅग्नेशियमचंही तसंच.

साय मोडली तर अ‍ॅल्युमिनियमचा खरा स्वभाव दिसतो. त्यावर पाऱ्याचा थेंब चोळला तर साय पुन्हा धरू शकत नाही, आणि धातूतून पांढरे, केसाळ ऑक्साइडचे कोंब वर येताना दिसतात. विमानात पारा न्यायला कडक बंधनं असतात ती याच कारणाने. स्वयंपाकघरात साय मोडायचं काम आंबट आणि धुण्याचा सोडा करतात. जर्मनच्या पातेल्यात चिंचेचं सार रात्रभर ठेवू नये आणि ते पातेलं सोड्याने घासू नये, हे सगळ्या आयांना माहीत होतं. आमच्याकडे अ‍ॅल्युमिनियमला जर्मन म्हणायचे. नाव जवळचं असलं तरी जर्मन सिल्व्हर अगदी वेगळं. ते तांबं, निकेल आणि जस्ताचं संमिश्र आहे आणि त्यात चांदी औषधालाही नसते.

आता संमिश्रांकडे वळू, कारण जीव रमतो तो इथे. मंडईत मोसंब्यांचा ढीग कसा रचलेला असतो ते आठवा. एकसारखी फळं, एकावर एक थर. वरच्या थराला बाजूने धक्का दिला तर अख्खा थर घसरेल. शुद्ध तांबं, शुद्ध सोनं, शुद्ध अ‍ॅल्युमिनियम आतून असंच असतं, एकाच मापाच्या अणूंचे थर. म्हणून ते मऊ, सहज वाकणारं, तार निघणारं. आता त्या ढिगात ठिकठिकाणी पपनस खुपसा. थर अडकतील. संमिश्र घट्ट होतं ते यामुळे. जस्ताचा अणू तांब्यापेक्षा थोडा मोठा, त्याने पितळ झालं. कथिलाचा आणखी मोठा, म्हणून थोडक्या कथिलानेही तांबं जास्त कडक होतं, त्याचं कासं झालं. पारंपरिक काशात कथील सुमारे 22 टक्के. ते एवढं कडक की वाटी खाली पडली तर तडकते, आणि टिचकी मारली तर घंटेसारखी कितीतरी वेळ घुमते. सोन्यातही हेच. 22 कॅरटमध्ये शंभरात 91.6 भाग सोनं आणि उरलेलं तांबं-चांदी. शुद्ध सोन्याची पाटली रोज घातली तर महिन्याभरात वाकडी व्हायची.

लोखंडात कार्बन मिसळतो तो निराळ्या रीतीने. तो इतका लहान की लोखंडाच्या अणूंमधल्या फटीत जाऊन बसतो. एक टक्क्याहूनही कमी कार्बनने मऊ लोखंडाचं पोलाद होतं. तीन-चार टक्के झाला की बीड. बिडाचा तवा हातातून पडला की दुभंगतो, पोलादाचा फार तर वाकतो. दोन्ही मुळात लोखंडच. बिडातला जादा कार्बन ग्रॅफाइटच्या बारीक पाकळ्या होऊन आत पसरतो, आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्या काळ्या सुरवंटांसारख्या दिसतात. तडा त्या पाकळ्यांच्या वाटेने पळतो. पण ओतकामाला बीड सोन्यासारखं, कारण शुद्ध लोखंड 1538 अंशांना वितळतं आणि बीड 1200 च्या आतच पातळ होतं.

मिसळल्याने फायदाच होतो असं मात्र नाही. थर अडवणारे ते वेगळे अणू विजेलाही अडवतात. पितळ शुद्ध तांब्याच्या जेमतेम पाव हिश्श्याएवढी वीज वाहून नेतं. म्हणून वायरीत तांबं शुद्ध लागतं आणि प्लगच्या पिनांना, जिथे घट्टपणाही हवा, पितळ चालतं. उलट इस्त्रीच्या कॉइलला अडथळाच हवा असतो, तिथे निकेल-क्रोमियमचं नायक्रोम. त्याचा रोध तांब्याच्या साठपटीहून जास्त. उष्णतेचंही तसंच. स्टेनलेस स्टील तांब्याच्या मानाने पंचविसाव्या हिश्श्याएवढीच उष्णता पुढे नेतं, म्हणून स्टीलच्या पातेल्यात खीर ज्वालेच्या बरोबर वर लागते आणि कडेला कोमट राहते. बुडाला तांबं लावलेली पातेली निघाली ती यावर उपाय म्हणून.

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत मात्र धातूला कडक करायची आणखी एक रीत चालते, आणि तिच्यात दुसरा धातू लागतच नाही. पेशवाईपासून तिथे तांबट लोक हातोड्याने तांबं घडवतात. घंगाळ, बंब, हंडे. गल्लीत शिरायच्या आधीच तो ठोक कानावर येतो. भांड्यावर ओळीने चमकणारे हातोडीचे ठसे, म्हणजे मठार, नुसत्या शोभेसाठी नसतात. प्रत्येक घावाने तांब्यातले थर एकमेकांत गुंततात आणि मऊ तांब्याला ताठरपणा येतो. ठोकून ठोकून ते फार कडक झालं की तडकेल, म्हणून मध्येच भट्टीत लाल करून पाण्यात बुडवतात, तेवढ्याने ते पुन्हा मऊ होतं. पोलाद लाल करून पाण्यात बुडवलं तर कडक होतं, तांबं मऊ होतं. पोलादात कार्बनला फटीतून निसटायला वेळ मिळत नाही आणि तो अडकून पडतो, तांब्यात अडकणारं कोणी नसतंच. एका तांबटाला मी विचारलं होतं, पाण्यात बुडवण्याऐवजी तसंच गार होऊ दिलं तर? तो म्हणाला, "तरी मऊच होईल, पण पाण्यात टाकलं की वरची काळी खपली सुटते आणि माझा वेळ वाचतो." धातुशास्त्राच्या कुठल्याही वर्गात हे याहून नेमकं कोणी सांगितलं नसतं.

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असं आपण म्हणतो. स्टेनलेस स्टीलमध्ये हा गुण असा लागतो की पहिल्यांदा कळलं तेव्हा मला ते खरंच वाटेना. लोखंड गंजू नये म्हणून त्यात सोन्यासारखा सुस्त धातू घालत असतील, असं कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात घालतात क्रोमियम, आणि क्रोमियम लोखंडापेक्षा जास्त क्रियाशील आहे. ते ऑक्सिजनवर आधी झडप घालतं आणि अ‍ॅल्युमिनियमसारखी सलग साय धरतं, सगळ्या पृष्ठभागावर, लोखंडालाही पोटात घेऊन. मात्र त्यासाठी क्रोमियम निदान साडेदहा टक्के तरी हवं. त्याहून कमी असलं की सायीत भोकं राहतात आणि गंज तिथून शिरतो. शेफिल्डचा हॅरी ब्रेअर्ली 1913 मध्ये बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून पोलादात क्रोमियम घालून पाहत होता, तेव्हा त्याला ही न गंजणारी जात सापडली.

भांड्याच्या दुकानात लोक चुंबक लावून स्टील पारखतात, त्याबद्दलही सांगायला हवं. 18 टक्के क्रोमियमबरोबर 8 टक्के निकेल असलं की लोखंडाच्या अणूंची मांडणीच बदलते आणि चुंबक चिकटत नाही. पण निकेल नसलेलं, नुसत्या क्रोमियमचं स्टीलही गंजत नाही, आणि त्याला चुंबक कडकडून चिकटतं. आपला रुपयाचा नवा ठोकळा तसल्याच स्टीलचा आहे, लावून बघा. शिवाय चांगल्या डब्याच्या वळलेल्या काठाला चुंबक किंचित ओढतं, कारण दाबून वळवताना तिथली मांडणी बिघडते. तेव्हा चुंबक निकेलबद्दल थोडंफार सांगतं, गंजाबद्दल खात्रीने काहीच सांगत नाही.

आणि साय आहे म्हणून स्टील अजिंक्य नाही. मीठ तिचा वैरी. गार पाण्यात मीठ टाकून ते विरघळू न देता पातेलं ठेवलं तर तळाशी सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात आणि ते कितीही घासून जात नाहीत. पाणी उकळलं की मग मीठ घालून ढवळावं. लोणचं तर मीठ आणि आंबट दोन्ही घेऊन बसलेलं, त्याच्यापुढे स्वयंपाकघरातल्या कुठल्याच धातूची धडगत नाही. चिनी मातीच्या बरणीला आजवर तोड निघालेली नाही ती यामुळेच.

पितळ-तांब्याचं वेगळं दुखणं. तांबं श्रेणीत हायड्रोजनच्या खाली आहे, ते साध्या आम्लातून हायड्रोजन सोडवू शकत नाही. पण हवेतला ऑक्सिजन मदतीला आला की आंबट पदार्थात थोडंथोडं उतरत राहतं. ताक हिरवट, तोंड वेडंवाकडं करणारं होतं. त्याला कळकणं हा शब्द आपल्याकडे आहे, आणि एवढ्या किचकट रसायनाला चार अक्षरांत बसवणारा दुसरा शब्द मला माहीत नाही. पितळात आणखी एक भानगड होते. त्यातलं जस्त तांब्यापेक्षा खूप क्रियाशील, त्यामुळे वर्षानुवर्षं पाण्यात राहिलेल्या स्वस्त पितळी नळातलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे लालसर, सच्छिद्र, स्पंजासारखं तांबं उरतं. नळ बाहेरून शाबूत दिसतो आणि पाना लावला की हातात येतो.

पितळाची एक हकीकत तर आपल्याच पावसाळ्याची. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात पेटीतल्या पेटीत तडकायची. ऋतूबरोबर येणारा तडा म्हणून त्याला इंग्रजीत ऋतूचंच नाव पडलं. 1921 मध्ये त्याचा नीट उलगडा झाला. काडतूस ओढून बनवताना पितळात ताण राहिलेला असे, आणि घोड्यांच्या पागेतून, लीद-मुतातून येणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणाच्या जागी लागला की तडा जाई. उपाय सोपा निघाला, पितळ हलकंसं तापवून तो ताण घालवायचा.

आजीच्या पातेल्याचा उपाय होता कल्हई. वाड्याच्या चौकात कल्हईवाला भाता मांडून बसायचा. पातेलं तापवून त्यात नवसागर टाकायचा, भक्कन पांढरा धूर उठायचा आणि नाक चुरचुरायचं. तापलेला नवसागर पितळावरची काळी खपली खाऊन टाकतो. मग कथिलाची कांडी नुसती टेकवली की ती पाणी व्हायची, कारण कथील 232 अंशांनाच वितळतं. कापसाच्या बोळ्याने त्याने गोल हात फिरवला की पिवळ्या पातेल्यात आरसा उगवायचा. काही महिन्यांनी तो आरसा विटायचा, चट्टे पडायचे, आणि मग अक्षरशः पितळ उघडं पडायचं.

इथून मी भाचीच्या प्रश्नाकडे येते, कारण आता धातू मिसळलेला नाही, शेजारी आहे. दोन धातू एकमेकांना टेकले आणि दोघं पाण्यात असले की त्यांची बॅटरी होते. श्रेणीतला वरचा धातू इलेक्ट्रॉन देतो, झिजतो. खालच्याला ते मिळत राहतात आणि तो टिकतो. पत्र्यावर जस्ताचा मुलामा असतो. पत्र्याला खरवडा गेला तरी जस्त लोखंडाच्या वर असल्याने आधी जस्त जातं, आणि ओरखड्यातलं लोखंड बरेच दिवस वाचतं. डब्याच्या पत्र्यावर कथील असतं, ते लोखंडाच्या खाली. त्याला खरवडा गेला की बाजू उलटते आणि उघडं लोखंड कथिलामुळे जास्तच वेगाने गंजतं. एकच लोखंड, शेजारी बदलला. जीआय पाइपला, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपला, थेट तांब्याची नळी जोडली की जोडाजवळचा पाइप आधी खलास होतो, तेही याच नियमाने.

गिझरची टाकी पोलादी असते आणि आतून तिला काचेसारखा लेप असतो. त्या लेपात कुठे ना कुठे केसाएवढी भेग असतेच. तिथे पोलाद उणे 0.44 व्होल्टवर, आणि शेजारी मॅग्नेशियमची कांडी उणे 2.37 वर, दोघं बोल्टने जोडलेले. कांडी इलेक्ट्रॉन पुरवत राहते, म्हणून पोलादाला स्वतःचे द्यावे लागत नाहीत. जड पाण्यात क्षार जास्त, त्यातून वीज सहज वाहते, कांडी लवकर संपते. तिची खोड म्हणून पुस्तकात जी लिहिलीय, त्याच खोडीसाठी तिला तिथे बसवलेलं असतं. कांडी संपल्यावर गिझर चालू राहतो, हे प्लंबरचं म्हणणं खरंच आहे. फक्त त्या दिवसापासून टाकीचं भेगेतलं पोलाद झिजायला लागतं, आणि ते बाहेरून दिसत नाही.

दोन क्रियाशील धातू मिसळले तर? सोडियम आणि पोटॅशियम ठरावीक प्रमाणात मिसळले की ते उणे 12 अंशांपर्यंत द्रवच राहतात, पाऱ्यासारखे दिसतात आणि दोघांपेक्षा जास्त भडक असतात. मिश्रणाने स्वभाव निवतोच असं नाही. तिकडे अ‍ॅल्युमिनियमची गोष्ट. 1906 च्या सुमारास जर्मनीत आल्फ्रेड विल्मने अ‍ॅल्युमिनियममध्ये चारेक टक्के तांबं आणि थोडं मॅग्नेशियम घातलं, तापवून पाण्यात गार केलं. लगेच मोजलं तर विशेष काही नाही, दोन दिवसांनी मोजलं तर तेच संमिश्र बरंच कडक झालेलं. तांब्याचे अणू खोलीच्या तापमानालाच आतल्या आत गटागटाने जमत होते. त्यातून ड्युरल्युमिन आलं आणि विमानं उभी राहिली. पण तांबं आत आल्यामुळे साय कमकुवत झाली, म्हणून विमानाच्या पत्र्याला वरून शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर लावायची वेळ आली. ताकद मिळवली, आणि टिकाऊपणासाठी पुन्हा त्याच मऊ, शुद्ध धातूकडे यावं लागलं.

पुण्यात दुचाकीच्या चाकांना सगळे मॅग व्हील म्हणतात. नाव मॅग्नेशियमचं, पण रस्त्यावरची बहुतेक चाकं अ‍ॅल्युमिनियममध्ये सिलिकॉन घालून ओतलेली असतात, कारण सिलिकॉनने रस पातळ होतो आणि साच्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. मॅग्नेशियम त्यात असतं, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तेवढंच पुरतं. तापवून, गार करून, पुन्हा मंद तापवलं की ते सिलिकॉनला घेऊन बारीक कण धरतं आणि चाकाला बळकटी येते. पाण्यात चार वर्षांत चिपाड होणारं हेच मॅग्नेशियम त्या चाकात वर्षानुवर्षं पावसात भिजतं आणि काही होत नाही. मॅग्नेशियमचा बारीक भुसा मात्र पेटला तर त्यावर पाणी कधी टाकायचं नाही, तापलेलं मॅग्नेशियम पाण्यातून हायड्रोजन सोडवतं आणि आग भडकते. कोरडी वाळू टाकायची.

नवी कांडी बसली. प्लंबरने टाकीवर मार्करने तारीख घातली. भाचीने जुन्या कांडीवरचा एक राखाडी लचका खुडून घेतला, खसाखसा घासला आणि काचेच्या वाटीत पांढऱ्या व्हिनेगरमध्ये टाकला. तो लगेच फसफसायला लागला. शेजारी तिने वायरीतली तांब्याची तार सोलून बुडवली. तारेवर एकही बुडबुडा नाही, नुसती लालबुंद, शांत. मी म्हटलं, आता तारेचं टोक मॅग्नेशियमला टेकव. तिने टेकवलं. तारेच्या अंगावर बारीक मोती उमटले, फुगले, आणि सुटून वर जायला लागले. तिने तार उचलली, ते थांबले. पुन्हा टेकवली, पुन्हा सुरू. जेवायला हाक मारली तरी ती वाटीवरून उठली नाही.